चित्रीकरण थेट फाइलवरून पाहावे की डिस्क लिहून घ्यावी?

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

लग्नाच्या चित्रीकरणाचे काम हातावेगळे करताना आपल्या सोलापुरातील व्हिडिओवाले आजही विचारतात, की डीव्हीडी करून देऊ की पेनड्राइव्हवर भरून देऊ, आणि घरातील मंडळी बहुधा सवयीने किंवा खर्चाकडे पाहून एका शब्दात उत्तर देऊन मोकळी होतात. हाच प्रश्न स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण करवून घेणाऱ्या शाळेपुढे असतो, हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग करणाऱ्या हौशी नाट्यमंडळींपुढे असतो आणि जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वजांची मिरवणूक टिपून ठेवणाऱ्या भाविकांपुढेही असतो. या एका शब्दाच्या उत्तराचे परिणाम पुढची वीस-तीस वर्षे भोगावे लागतात, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे. मी शाळेत शिक्षक होतो आणि तेथील दृक्‌श्राव्य साहित्याचे कपाट अनेक वर्षे माझ्या ताब्यात होते. त्या अनुभवातून माझे मत असे झाले आहे, की पाहण्यासाठी फाइल थेट टीव्हीवर लावावी, तिची डीव्हीडी करवून घेऊ नये. आणि डिस्क लिहायचीच असेल तर ती केवळ जपणुकीची एक प्रत म्हणून, मूळ फाइल जशीच्या तशी ठेवून लिहावी.

याचे पहिले कारण चित्राचा दर्जा हे आहे. डीव्हीडी १९९६ मध्ये जपानच्या बाजारात आली आणि तिच्यावरील चित्राचे माप त्या काळच्या टीव्ही संचांना धरून ठरवले गेले. आपल्याकडच्या पॅल या टीव्ही प्रक्षेपणाच्या पद्धतीत ते ७२० गुणिले ५७६ बिंदू एवढे आहे, म्हणजे एका चित्रात सुमारे ४ लाख १५ हजार बिंदू. आजचा साधा मोबाइल फोनही १९२० गुणिले १०८० या फुल एचडी मापात चित्रीकरण करतो आणि त्यात जवळपास २० लाख ७४ हजार बिंदू असतात, म्हणजे बरोबर पाचपट. चित्रीकरण ४के या त्याहून मोठ्या मापात असेल तर हे प्रमाण वीसपटीवर जाते. अशा फाइलची प्लेअरवर चालणारी डीव्हीडी करायला सांगितली, की संगणक आधी चित्र लहान करतो, मग ते एमपीईजी-२ या जुन्या पद्धतीने नव्याने दाबून बसवतो, आणि या दोन्ही टप्प्यांत जो तपशील गळतो तो नंतर कोणत्याही यंत्राने परत आणता येत नाही. तागा कापून रुमाल केले, की त्यांचा पुन्हा तागा होत नाही, हे आपल्या विणकरांच्या शहरात वेगळे समजावून सांगायला नको. मांडवात दूर कोपऱ्यात बसलेल्या आजीचा चेहरा मूळ फाइलमध्ये ओळखू येतो आणि डीव्हीडीवर ओळखू येत नाही, असे प्रत्यक्षात घडते. आणि काही वर्षांनी घरातील माणसे त्या चित्रीकरणात नेमका तोच चेहरा शोधत असतात.

त्यात भर पडते ती वेळेच्या हिशेबाची. एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबी माहिती मावते. एवढ्या जागेत उत्तम दर्जाचे चित्रीकरण साधारण तासभराचे आणि मध्यम दर्जाचे दोन तासांचे बसते. आपल्याकडे हळदीपासून वरातीपर्यंतचे चित्रीकरण तीन तासांच्या पुढे सहज जाते, आणि ते एकाच डिस्कवर कोंबले तर आवाज धरून दर सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबिट एवढीच जागा वाट्याला येते. स्थिर दृश्यात ही ओढाताण फारशी जाणवत नाही. पण अक्षता उडू लागल्या, लेझीम सुरू झाले किंवा फटाक्यांचा धूर पसरला, की एमपीईजी-२ला तेवढी जागा पुरत नाही आणि पडद्यावर चौकोन फुटलेले दिसू लागतात. लग्नातील सर्वांत आनंदाचे क्षण नेमके या वेगवान दृश्यांत असतात, ही यातील खरी हानी आहे. मोबाइलवर बहुधा सेकंदाला ३० चित्रे घेतली जातात आणि पॅल डीव्हीडीवर २५ असतात, त्यामुळे रूपांतरात हालचाल अडखळते, हेही लक्षात ठेवावे. उभा फोन धरून केलेल्या चित्रीकरणाची तर डीव्हीडीवर मधोमध एक अरुंद पट्टीच उरते.

आता ‘डिस्क लिहिणे’ यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात, आणि त्यांतील फरक दुकानात सहसा कोणी सांगत नाही. वर वर्णन केली ती व्हिडिओ डीव्हीडी. तिच्यात चित्रीकरणाचे १ जीबीपर्यंतचे तुकडे एका ठरावीक फोल्डरमध्ये ठरावीक नावांनी असतात आणि ती कोणत्याही घरगुती प्लेअरवर चालते. दुसरी डेटा डीव्हीडी. तिच्यावर फाइल आहे तशीच उतरवली जाते, तिच्यातील एक बिंदूही बदलत नाही, मात्र ती जुन्या प्लेअरवर चालेलच असे नाही आणि बहुधा संगणकावरच उघडावी लागते. जपणुकीसाठी डिस्क हवी असेल तर ही दुसरीच मागावी. फाइल एका डिस्कहून मोठी असेल तर तिचे भाग करून अनेक डिस्क लिहाव्या लागतात किंवा २५ जीबीची ब्ल्यू-रे डिस्क व तिचा वेगळा ड्राइव्ह लागतो. डिस्कवर ४.७ जीबी छापलेले असले तरी संगणक तीच जागा ४.३७ दाखवतो, तो केवळ मोजण्याच्या पद्धतीतील फरक आहे आणि त्यात दुकानदाराने फसवणूक केलेली नसते.

फाइल थेट लावण्यातही अडचणी आहेत, आणि त्या न सांगता नुसता सल्ला देणे योग्य होणार नाही. सर्वाधिक तक्रार असते ती पेनड्राइव्हवर मोठी फाइल न उतरण्याची. पेनड्राइव्हमध्ये भरपूर जागा मोकळी असूनही संगणक फाइल फार मोठी असल्याचा संदेश देतो, आणि लोक पेनड्राइव्ह खराब आहे असे समजून नवा आणतात. वास्तविक दोष पेनड्राइव्हचा नसतो. तो एफएटी३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्या पद्धतीत ४ जीबीहून मोठी एकच फाइल ठेवताच येत नाही. तीन तासांची फुल एचडी फाइल सेकंदाला ८ मेगाबिट या दराने तयार केली तर ती जवळजवळ ११ जीबीची होते, म्हणजे ही मर्यादा आडवी येणारच. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला की हा प्रश्न सुटतो. मात्र फॉरमॅट करताना आतील सर्व काही पुसले जाते आणि काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी व्हिडिओवाल्याकडून चित्रीकरणाचे ४ जीबीच्या आतील भाग करून घेणे बरे. फाइल एमपी४ असावी, चित्र एच.२६४ पद्धतीचे आणि आवाज एएसी पद्धतीचा असावा, एवढे सांगितले तर ती बहुतेक टीव्हींवर चालते. एच.२६५ पद्धतीत फाइल लहान होते, परंतु जुन्या संचांवर केवळ आवाज ऐकू येतो आणि पडदा काळा राहतो. पोर्टेबल हार्ड डिस्क टीव्हीला लावली आणि ती चालू झाली नाही, तर पुष्कळदा टीव्हीच्या यूएसबी खाचेतून तिला पुरेशी वीज मिळत नसते. ती बिघडली आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये.

डीव्हीडीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. घरातील वृद्ध माणसाला डिस्क प्लेअरमध्ये घालून बटण दाबणे जमते. रिमोटवरून यूएसबी शोधणे, मग फोल्डर उघडणे, मग नेमकी फाइल निवडणे हे अनेकांना जड जाते, आणि आपल्याच मुलाचे लग्न पाहण्यासाठी त्यांना नातवाची वाट पाहावी लागते. एकदाच लिहिता येणारी डिस्क चुकून पुसली जात नाही आणि तिच्यात नंतर व्हायरस शिरत नाही. पेनड्राइव्ह मात्र झेरॉक्सच्या दुकानातील संगणकाला लावून आणला, की पुष्कळदा व्हायरस घेऊनच घरी येतो. आपल्या शहराच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. येथे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे एकाच गल्लीत नांदतात, आणि एखाद्या चित्रीकरणाला पडद्याखाली मराठी मजकूर द्यावा असे संस्थांना वाटते. व्हिडिओ डीव्हीडीवर असा मजकूर चित्राच्या रूपात साठवलेला असतो, त्यामुळे देवनागरी असो वा तेलुगू, तो प्रत्येक प्लेअरवर अचूक दिसतो. फाइलसोबत वेगळी मजकुराची फाइल दिली तर काही टीव्हींवर जोडाक्षरे फुटतात किंवा नुसते चौकोन दिसतात. असे काम असेल तर मजकूर चित्रातच पक्का बसवलेली एक वेगळी फाइल करून घ्यावी आणि मजकूर नसलेली मूळ फाइलही सांभाळावी. ज्येष्ठांच्या सोयीसाठी एखादी व्हिडिओ डीव्हीडी जरूर करावी. तिला मूळ प्रत मानून फाइल पुसून टाकणे मात्र कटाक्षाने टाळावे.

टिकाऊपणाविषयी तर फार मोठा गैरसमज आहे. डिस्क ‘कायमची’ असते असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. विकत मिळणाऱ्या चित्रपटाच्या डिस्कवर खुणा कारखान्यातच ठशाने उमटवलेल्या असतात. आपण घरी किंवा दुकानात लिहितो त्या डिस्कमध्ये मात्र सेंद्रिय रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि लेसर किरण तो ठिकठिकाणी तापवून त्यात खुणा करतो. हे रंगद्रव्य ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी हळूहळू बिघडते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर त्याहून कितीतरी अधिक उष्णता साठते. लग्नाच्या डिस्क ज्या ट्रंकेत असतात ती ट्रंक बहुतेक घरांत याच माळ्यावर असते. ती खाली आणून भिंतीतील कपाटात, अंधाऱ्या आणि त्यातल्या त्यात थंड जागी, डिस्क डबीत उभ्या ठेवाव्यात. सीडीच्या बाबतीत चकाकणारा थर वरच्या, म्हणजे लेबलाच्या बाजूला लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो, त्यामुळे तिच्यावर बॉलपेनने नाव लिहिणे हे मागच्या बाजूच्या चऱ्यांपेक्षाही घातक ठरते. डीव्हीडीत तो थर प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असल्याने थोडा सुरक्षित असतो, तरीही कागदी लेबल चिकटवू नये, कारण ते सुटू लागले की फिरताना डिस्कचा तोल जातो.

पेनड्राइव्ह यापेक्षा भरवशाचा आहे असे मात्र कोणी मानू नये. त्यात माहिती सूक्ष्म कप्प्यांतील विद्युतभाराच्या रूपात असते. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे पडून राहिला तर तो भार हळूहळू गळतो आणि उष्णतेत ही गळती वाढते. शिवाय बाजारात खोट्या क्षमतेचे पेनड्राइव्ह मिळतात. ते संगणकाला मोठा आकडा दाखवतात, पण खरी जागा संपली की पुढची फाइल नीट साठवत नाहीत आणि कधी आधीची माहितीही बिघडवतात. नवा पेनड्राइव्ह आणल्यावर तो एकदा पूर्ण भरून, सर्व फाइली शेवटपर्यंत उघडतात का हे पाहणे हाच त्यावरील साधा उपाय आहे. हार्ड डिस्क मोठी आणि प्रति जीबी स्वस्त असते, पण तिच्यात फिरणारी यंत्रणा असल्याने ती टेबलावरून एकदा खाली पडली तरी सर्व काही जाऊ शकते. म्हणून जगभर छायाचित्रकार जो नियम पाळतात आणि जो अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केला, तो आपणही पाळावा: प्रती तीन असाव्यात, त्या किमान दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. पुणे, मुंबई, भिवंडी, हैदराबाद येथे नातेवाईक नाहीत असे कुटुंब आपल्या पेठांतून क्वचितच सापडेल. एक प्रत त्यांच्याकडे ठेवायला दिली तर घराबाहेरच्या प्रतीची सोय सहज होते. डेटा डिस्कचे स्थान या तीन प्रतींपैकी एक एवढेच आहे, पण त्या स्थानी ती उपयोगी आहे, कारण ती पुसता येत नाही. ती लिहून झाल्यावर पडताळणीचा पर्याय निवडावा आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. हे केल्याशिवाय मूळ फाइल पुसू नये.

डिस्कवरच भिस्त ठेवणाऱ्यांनी बाजाराकडेही पाहावे. एकेकाळी घरोघरी ज्यांच्या कोऱ्या सीडी व डीव्हीडी असत त्या मोझर बेअर कंपनीच्या अवसायनाचा, म्हणजे ती मोडीत काढण्याचा, आदेश २०१८ मध्ये झाला. सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्ल्यू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, संगणकावर डीव्हीडी चित्रपट पाहण्याची मूळ सोयही काढून घेण्यात आली आणि व्हीएलसीसारखा वेगळा प्लेअर घालावा लागू लागला. नव्या लॅपटॉपमध्ये तर डिस्क घालण्याची जागाच नसते. डिस्क सुस्थितीत असली तरी ती वाचणारे यंत्र घरात उरणार नाही, अशी वेळ येऊ घातली आहे, आणि व्हीएचएस कॅसेटच्या बाबतीत ती येऊन गेली. तिचे यंत्र बनवणाऱ्या शेवटच्या ज्ञात कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन बंद केले.

त्यामुळे घरात पडून असलेल्या जुन्या डिस्क आत्ताच संगणकावर उतरवून घ्याव्यात. यूएसबीला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह अजून बाजारात मिळतो. उतरवताना डिस्कची संपूर्ण प्रतिमा, जिला आयएसओ म्हणतात, ती करावी किंवा त्यातील चित्रीकरण न बदलता एका फाइलमध्ये जोडून घ्यावे. ‘एचडी करून देतो’ असे सांगणाऱ्याकडून रूपांतर करून घेऊ नये, कारण जे बिंदू डिस्कवर नाहीत ते नव्याने निर्माण होत नाहीत. डिस्क एका ड्राइव्हवर वाचली गेली नाही तर दुसऱ्या ड्राइव्हवर पाहावी, पुष्कळदा ती वाचली जाते. पुसायची असेल तर मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये, आणि टूथपेस्ट लावण्याचा घरगुती उपाय महत्त्वाच्या डिस्कवर मुळीच करू नये. ज्यांच्याकडे जुन्या कॅसेटवरून करवून घेतलेल्या व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ असलेल्या सीडी, आहेत त्यांनी मूळ कॅसेट शिल्लक आहे का ते आधी शोधावे. व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचेच असते आणि कॅसेटवर त्याहून अधिक तपशील टिकलेला असू शकतो. विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डिस्कना कुलूप असते आणि त्यांना कायद्याचे वेगळे नियम लागू होतात; मी येथे केवळ आपल्या स्वतःच्या चित्रीकरणाविषयी लिहीत आहे.

व्हॉट्सॲपवर आलेले चित्रीकरण म्हणजे मूळ प्रत नव्हे. तेथे व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबून लहान केली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर ती मूळ रूपात पोहोचते. यूट्यूबवरही फाइल नव्याने दाबली जाते, त्यामुळे नातेवाइकांना दाखवण्यासाठी ते चांगले, जपण्यासाठी नाही.

माझी शहरातील व्हिडिओ व्यावसायिकांना नम्र विनंती आहे, की ग्राहकाने डीव्हीडी मागितली तरी संपादित चित्रीकरणाची पूर्ण दर्जाची फाइल त्याला सोबत द्यावी आणि आपल्याकडील प्रत किती काळ ठेवणार हे पावतीवर लिहावे. शाळा व संस्थांनी ठराव करून हे काम एका व्यक्तीकडे सोपवावे, अन्यथा कपाटाची किल्ली एकाकडे आणि जबाबदारी कोणाकडेच नाही, अशी स्थिती होते. बंद पडलेल्या गिरण्यांत आयुष्य घालवलेल्या कामगारांच्या मुलाखती, जुन्या यात्रांची चित्रीकरणे, गेल्या पिढीतील वक्त्यांची व्याख्याने असे बरेच काही आज लोकांच्या घरी डिस्कवर आहे आणि ते इतरत्र कोठेही नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ज्ञानसंस्थांनी आणि आपल्या विद्यापीठाने एक चालू स्थितीतील डीव्हीडी ड्राइव्ह, कॅसेट चालवणारा एक व्हीसीआर आणि एक जाणकार माणूस आठवड्यातून एक दिवस नागरिकांसाठी उपलब्ध करून दिला, तर लोक आपल्या डिस्क घेऊन येतील, त्यांना त्यांच्या पेनड्राइव्हवर फाइल मिळेल आणि त्यांची संमती असेल तेथे एक प्रत संस्थेच्या संग्रहातही राहील. आपल्या दैनिकाने या सूचनेचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक व नियमित वाचक,
साखर पेठ, सोलापूर